अमेरिकेहून आणलेले विजेवरचे जुने घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आत्या बरीच वर्षे न्यू जर्सीत राहून पुण्याला परत आल्या आणि येताना त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरातले टेलेक्रॉन कंपनीचे, थेट विजेवर चालणारे भिंतीचे घड्याळ बरोबर आणले. तुम्ही बाजारातून २३० व्होल्टचे ११० व्होल्ट करून देणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणून ते सुरू केले. घड्याळ चालते, पण तासाला दहा मिनिटे मागे पडते, आणि त्याची मागची बाजू हाताला चांगलीच गरम लागते. जवळच्या घड्याळजींनी आतले मशीन काढून टाकून सेलवर चालणारे क्वार्ट्झ मशीन बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. ते बसवून घ्यावे की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

माझा सल्ला असा की ते बसवून घेऊ नका, निदान पुढचे वाचेपर्यंत तरी नको. तुमच्या दोन तक्रारींपैकी पहिली हा घड्याळ धडधाकट असल्याचा पुरावा आहे आणि दुसरी तक्रार त्याला मिळणाऱ्या पुरवठ्याबद्दलची आहे. जुनी विद्युत घड्याळे दुरुस्त करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या अमेरिकन घड्याळांपैकी बहुतेकांवर ‘मशीन गेले’ असा शिक्का आधीच मारलेला असतो. त्यातल्या पुष्कळ घड्याळांचे मशीन मुळीच गेलेले नसते.

आधी हे घड्याळ वेळ कशी राखते ते पाहू. चावीच्या घड्याळात लंबक किंवा बॅलन्स चक्र असते, क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक असतो. म्हणजे वेळ मोजणारा भाग घड्याळाच्या पोटातच असतो. तुमच्या टेलेक्रॉनमध्ये असा कोणताही भाग नाही. त्यात फक्त एक छोटी सिंक्रोनस मोटर आहे आणि तिचा वेग सर्वस्वी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे वीजप्रवाहाची सेकंदाला किती आवर्तने होतात यावर ठरतो. अमेरिकेतला पुरवठा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांचा आहे. या मोटरला दोनच ध्रुव असल्यामुळे तिचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, सेकंदाला ६०, म्हणजे मिनिटाला ३,६०० फेऱ्या घेतो, आणि पुढची दातेरी चाके तो वेग उतरवत उतरवत सेकंदकाट्याच्या मिनिटाला एका फेरीपर्यंत आणतात. वेळ खरी मोजली जाते ती वीजकेंद्रात. जनित्रे ज्या वेगाने फिरतात त्याचा हिशेब तुमच्या भिंतीवरचे काटे दाखवतात, आणि त्यामुळे घड्याळ बरोबर आहे की चूक, हा प्रश्न ते कोणत्या वीजजाळ्यासाठी बनवले होते हे पाहिल्याशिवाय सोडवता येत नाही.

या कल्पनेमागचा माणूस म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील अॅशलंड गावचा हेन्री वॉरन. आपोआप सुरू होणारी लहानशी सिंक्रोनस मोटर त्याने तयार केली, पण त्या काळी वीजकेंद्रे फ्रिक्वेन्सी काटेकोर राखत नसत, कारण दिव्यांना आणि कारखान्यांच्या मोटरींना थोड्या फरकाने काही बिघडत नव्हते. घड्याळाला मात्र बिघडते. फ्रिक्वेन्सी फक्त एक टक्का कमी राहिली तरी दिवसाला १४ मिनिटांहून अधिक फरक पडतो. म्हणून वॉरनने वीजकेंद्रासाठीच एक मुख्य घड्याळ बनवले, ज्यात एक काटा अचूक लंबकावर आणि दुसरा केंद्राच्याच विजेवर चालणाऱ्या सिंक्रोनस मोटरवर फिरत असे. पाळीवरच्या माणसाने टर्बाइनचा वेग असा सांभाळायचा की दोन्ही काटे एकमेकांवर राहतील. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी बोस्टनच्या एडिसन कंपनीच्या एल स्ट्रीट केंद्रात असे घड्याळ बसवले गेले. त्यानंतर ही पद्धत इतर केंद्रांत पसरत गेली आणि घराघरातले साधे, स्वस्त घड्याळ लंबकाच्या तोडीची वेळ दाखवू लागले. मला या शोधातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते की वॉरनने भिंतीवरच्या घड्याळाची अडचण वीजकेंद्रात जाऊन सोडवली.

आता तुमची दहा मिनिटे. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. ५० ला ६० ने भागले की पाच षष्ठांश येतात. म्हणजे खऱ्या ६० मिनिटांत तुमच्या घड्याळाचे काटे ५० मिनिटांचे अंतर कापणार, दिवसाला चार तास मागे पडणार आणि त्यात एका मिनिटाचीही सूट मिळणार नाही. सिंक्रोनस मोटरला थोडेसे हळू चालणे जमतच नाही. ती फ्रिक्वेन्सीशी जखडून फिरते किंवा थांबते. तुमचे घड्याळ तासाला कधी सात, कधी तेरा मिनिटे मागे पडले असते, तर काट्यांची घट्ट बसणारी नळी घसरते आहे किंवा रोटर अडखळतो आहे असे मी म्हटले असते. नेमकी दहा मिनिटे पडतात याचा अर्थ रोटर, चाके आणि काटे हे सगळे ठीक आहे.

ट्रान्सफॉर्मर यात काही करू शकत नाही. तो व्होल्टेज बदलतो; फ्रिक्वेन्सी जशी आत शिरते तशीच बाहेर पडते. हे शंभरदा सांगावे लागते, कारण डब्यावर ‘अमेरिकन उपकरणांसाठी’ असे लिहिलेले असते आणि माणसाची समजूत होते की आता सगळे जुळले. मिक्सरला किंवा दिव्याला ते चालून जाते. फ्रिक्वेन्सी मोजून चालणाऱ्या यंत्राला चालत नाही. विजेवरच्या घड्याळांचा दुसरा अमेरिकन निर्माता लॉरेन्स हॅमंड याने अशीच सिंक्रोनस मोटर वापरून १९३५ मध्ये आपला ऑर्गन बाजारात आणला. त्याच्या सुरांच्या चकत्या याच मोटरवर फिरतात. ६० हर्ट्झचा असा ऑर्गन आपल्या विजेवर लावला तर सगळी पट्टी पाच षष्ठांशावर उतरेल, म्हणजे षड्जाच्या जागी मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत ऐकू येईल. तुमच्या घड्याळात जे घडते आहे ते अगदी हेच आहे; तिथे ते कानाला कळते आणि इथे काट्यावर दिसते.

गरम होण्याचे कारणही फ्रिक्वेन्सीतच आहे. मोटरमधली कॉईल, म्हणजे तारेचे वेटोळे, वीजप्रवाहाला जो अडथळा करते तो फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. ६० ऐवजी ५० हर्ट्झ दिले की अडथळा कमी होतो, प्रवाह वाढतो आणि लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यात ठरल्यापेक्षा जास्त चुंबकत्व भरते. १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ यांचे गुणोत्तर दोन येते. ५० हर्ट्झवर तेच गुणोत्तर राखायचे तर व्होल्टेज १०० हवे. तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर ११० लिहिलेले असले, तरी जवळजवळ रिकाम्या भारावर आणि आपल्याकडे अनेकदा येणाऱ्या २४० व्होल्टवर तो ११५ ते १२० सहज देत असेल. याचा अर्थ कॉईलला गरजेपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त ताण बसतो आहे. ही घड्याळे निरोगी असतानाही कोमट राहतात, कारण दोन-तीन वॉट शक्ती चोवीस तास त्या छोट्याशा जागेत खर्च होत असते. पण बोट ठेववत नसेल तर कॉईलच्या तारेवरचे जुने इन्सुलेशन हळूहळू भाजते आहे असे समजा. हे वाचून होईपर्यंत घड्याळ बंद ठेवा.

बंद केलेच आहे तर ट्रान्सफॉर्मर कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहा. बाजारात मिळणारे पुष्कळ स्वस्त स्टेप-डाऊन हे ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत एकच वाइंडिंग असते आणि बाहेर येणारी ११० व्होल्टची तार घरच्या विजेशी थेट जोडलेली असते. प्लग उलटा बसला किंवा सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेले असले, तर घड्याळाच्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येतात. घड्याळ पत्र्याचे आहे, त्याला अर्थिंग नाही, आतली वायर सत्तर-ऐंशी वर्षांची आहे आणि ते स्वयंपाकघरात ओल्या हातांजवळ टांगलेले आहे. दोन स्वतंत्र वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मरच वापरावा, हे मी इथे सौम्य शब्दांत सांगणार नाही.

तुमच्या घड्याळजींच्या सूचनेवर लिहिण्याआधी या घड्याळांच्या घडणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मशीन बदलल्यावर काय हरवते ते त्याशिवाय कळणार नाही.

लंबकाच्या घड्याळाला उंच पेटी लागते, चावीच्या घड्याळाला तबकडीत भोके लागतात, आणि दोन्हींना कधी ना कधी समोरून दार उघडावे लागते. विजेवरच्या घड्याळाला यातले काहीच नको होते. लंबक नसल्यामुळे पेटीची उंची गेली, चावी नसल्यामुळे तबकडी सलग झाली, दाराची गरज संपल्यामुळे काच कायमची बसवता आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन अभिकल्पकांना ही मोकळीक दिसली. पॉल फ्रँकल यांनी १९२८ मध्ये टेलेक्रॉनसाठी केलेले ‘मॉडर्निक’ नावाचे मेजावरचे घड्याळ पाहिले तर ते लाकडी घड्याळांच्या परंपरेपासून किती दूर गेले होते हे लगेच ध्यानात येते. पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयातून हॉवर्ड मिलर कंपनीसाठी जी घड्याळे निघाली, त्यांत तर तबकडीही उरली नाही. मधोमध छोटा डबा, त्यातून निघालेल्या बारा काड्या आणि त्यांच्या टोकांना गोळे. आकडे नसतानाही वेळ वाचता येते, हे लोकांनी फारशा तक्रारीविना मान्य केले.

स्वयंपाकघरातली घड्याळे इतकी प्रसिद्ध नाहीत, पण माझ्या मते घडणीचे खरे शहाणपण त्यांच्यात आहे. तुमच्याकडचे घड्याळ खाली उतरवून नीट पाहा. काटे फिरवण्याची घुंडी खालच्या कडेला असेल, म्हणजे घड्याळ भिंतीवरून न काढता, खालून हात घालून वेळ लावता यावी. मागे जास्तीची वायर गुंडाळून ठेवण्याची सोय बहुधा असेल. पेटीच्या मागे पोकळी असेल, कारण तिकडे घर बांधतानाच घड्याळासाठी भिंतीत खोलगट सॉकेट बसवत. त्यात प्लग आत दडत असे, त्या सॉकेटलाच घड्याळ अडकवायचा आकडा असे आणि घड्याळ वायर न दिसता भिंतीला टेकून बसत असे. इंग्लंडमध्ये याच कामासाठी आत लहान फ्यूज असलेले खास कनेक्टर मिळत. आपल्याकडे अशी पद्धत नव्हती, म्हणून इथे टांगलेल्या विजेवरच्या घड्याळाखाली वायरची शेपटी लोंबताना दिसते आणि ते घड्याळ बेंगरूळ वाटू लागते. तुमच्या घरी रंगकाम व्हायचे असेल तर घड्याळाच्या जागी एक खोलगट बॉक्स काढून घ्या. दिसण्यात जो फरक पडेल त्याची कल्पना आधी येत नाही.

मग सेकंदकाटा. क्वार्ट्झचा सामान्य सेकंदकाटा ठेक्याने पुढे उडी मारतो. टेलेक्रॉनचा काटा अखंड सरकतो, कारण मागची मोटर क्षणभरही थांबत नाही. त्या काळच्या अभिकल्पकांनी हा सरकता काटा लाल किंवा ठळक रंगाचा ठेवला तो शोभेपुरता नव्हता. टिकटिक नसलेले घड्याळ चालू आहे की बंद, हे दुरून कळण्याचे तेच एक साधन होते.

आणि तबकडीवर एक छोटे गोल भोक असेल तर ते जपा. पुष्कळ टेलेक्रॉन घड्याळांत अशी खिडकी असते. वीज गेली की तिच्यात लाल ठिपका येतो आणि घुंडीने वेळ पुन्हा लावेपर्यंत तो तसाच राहतो. याची गरज अशी की आपोआप सुरू होणारे घड्याळ वीज परत आल्यावर मुकाट्याने चालू लागते आणि वीस मिनिटे चुकीची वेळ पूर्ण आत्मविश्वासाने दाखवत राहते. ब्रिटिश निर्मात्यांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला होता. स्मिथ्सची सेक्ट्रिक किंवा टेमकोची सुरुवातीची बरीच घड्याळे वीज आली तरी स्वतःहून सुरू होतच नसत. मागची घुंडी फिरवून रोटरला गती द्यावी लागे. थांबलेले घड्याळ खोटे बोलत नाही, असा त्यामागचा विचार होता. त्यांच्या रोटरलाही ध्रुव जास्त असत. ३० ध्रुवांचा रोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २०० फेऱ्या घेतो, त्यामुळे चाके कमी लागत आणि आवाजही कमी होई. वॉरनची दोन ध्रुवांची मोटर फार वेगाने फिरते, म्हणून त्याने ती चाकांसकट तेलाच्या बंद डबीत ठेवली. ही डबी हा टेलेक्रॉनचा प्राण आहे आणि तिच्याबद्दल पुढे येईल. जाता जाता एवढे सांगतो की तुमच्या आत्या लंडनहून स्मिथ्सचे घड्याळ घेऊन आल्या असत्या तर हा प्रश्न पडलाच नसता. १९२६ च्या कायद्यानंतर ब्रिटनने सगळीकडे ५० हर्ट्झ हे प्रमाण लागू करत नेले, आणि २०० ते २५० व्होल्टचे ते घड्याळ वायर बदलून आपल्या भिंतीवर सरळ चालले असते.

आता क्वार्ट्झ. ते बसवण्यात अडचण फक्त भावनेची नाही. क्वार्ट्झ मशीनची ताकद फार कमी असते आणि त्याचे दांडे वेगळ्या मापाचे असतात, तर तुमच्या घड्याळाचे काटे मोठे, पत्र्याचे आणि टेलेक्रॉनच्या नळ्यांवर घट्ट बसणारे आहेत. ते बसवण्यासाठी घड्याळजी काट्यांची भोके मोठी करतील किंवा काटेच बदलतील, आणि मशीन अडकवण्यासाठी तबकडीचे मधले भोकही कोरतील. हे परत फिरवता येत नाही. लाल ठिपक्याची खिडकी रिकामी राहील आणि खालची घुंडी नुसती शोभेची होईल. अखंड सरकणाऱ्या काट्याची क्वार्ट्झ मशीनेही मिळतात, हे मान्य आहे. कॉईल जळालेली असेल, रोटर फुटलेला असेल आणि बदली भाग कुठेच मिळत नसतील तर मी स्वतः ती बसवून देतो, पण तबकडी आणि काटे यांना हात न लावता, आणि मूळ भाग पिशवीत घालून पेटीच्या मागेच बांधून.

मग उपाय कोणता? यात बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, तरी व्यवहारात दोनच मार्ग उरतात.

पहिला मार्ग म्हणजे ५० हर्ट्झचा रोटर बसवणे. इथे रोटर म्हणजे वर सांगितलेली तेलाची सबंध डबीच. टेलेक्रॉनची डबी एका पकडीने मोटरच्या ध्रुवांमध्ये बसलेली असते आणि सरकवून बाहेर काढता येते. दक्षिण कॅलिफोर्नियात ५० हर्ट्झचा पुरवठा होता आणि तो बदलण्याचे काम १९४८ पर्यंत चालले, म्हणून कंपनीने त्या भागासाठी ५० हर्ट्झचे रोटर बनवले होते. त्यात डबीतल्या चाकांचे प्रमाण वेगळे असते आणि बाहेरचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, मात्र योग्य वेगानेच फिरते. असा रोटर जुन्या भागांच्या विक्रेत्यांकडे अधूनमधून मिळतो. शोधताना डबीवरचे अक्षर, पिनियन आणि ‘५० सायकल’ (सायकल म्हणजे हर्ट्झचेच जुने नाव) हा शिक्का, तिन्ही जुळले पाहिजेत. तो मिळाला तरी कॉईल ६० हर्ट्झचीच राहते, म्हणून तिला सुमारे १०० व्होल्ट द्यावे लागतील. जपानसाठीचे १०० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर यासाठी उत्तम.

या मार्गाने घड्याळ पुन्हा वीजजाळ्याशी जोडले जाते, आणि म्हणून आपल्या जाळ्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. एक काळ असा होता की संध्याकाळी आपल्याकडची फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली आणि मध्यरात्री ५० च्या बरीच वर असे. दिवसभर ४९ राहिली असती तर घड्याळ अर्धा तास मागे पडले असते. २००२-०३ मध्ये फ्रिक्वेन्सीशी जोडलेले विजेचे दर आले तशी शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि सगळा देश एकाच ठोक्यावर चालू लागला. आता अपेक्षित पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. फ्रिक्वेन्सी सतत खालच्या टोकाला राहिली तर घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे मागे जाईल, वरच्या टोकाला राहिली तर दीड मिनिटाच्या आसपास पुढे जाईल. प्रत्यक्षात दोन्हीकडचे फरक पुष्कळसे एकमेकांत जिरतात. जाळे कितीही मोठे असले तरी हिशेब बिघडू शकतो. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोव्हो भागातल्या वादामुळे विजेची तूट राहिली आणि युरोपातल्या अनेक देशांतली विजेवरची घड्याळे मार्चपर्यंत सुमारे सहा मिनिटे मागे पडली होती. खेरीज, आपल्याकडे वीज जाते तेव्हा लाल ठिपका दिसणार आणि वेळ लावावी लागणार. ज्यांना हे रोजचे काम त्रासाचे वाटत नाही त्यांनी हा मार्ग धरावा.

दुसरा मार्ग घड्याळाला त्याचा स्वतःचा ६० हर्ट्झचा पुरवठा देण्याचा आहे, आणि तुमच्यासाठी मी हाच सुचवतो. घड्याळाला दोन-तीन वॉटच लागतात, त्यामुळे काम लहान आहे. स्फटिकावरून ६० हर्ट्झची साइन लहर तयार करायची, ती छोट्या ऑडिओ अॅम्प्लिफायरने वाढवायची आणि १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून तिचे सुमारे १२० व्होल्ट करायचे. इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा कोणीही ओळखीचा माणूस हे सहज जुळवून देईल. साधारण स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली तरी दिवसाला दोन सेकंदांहून कमी फरक पडतो, म्हणजे न्यू जर्सीतल्या मूळ अचूकतेला साजेशी वेळ इथे मिळते. त्याला बॅटरी जोडली की वीज गेली तरी घड्याळ थांबत नाही. घड्याळातला एकही स्क्रू बदलावा लागत नाही, आणि आत्यांच्या नातवाने ते उद्या पुन्हा अमेरिकेला नेले तर तिथल्या सॉकेटमध्ये ते जसेच्या तसे चालेल.

गाडीसाठी मिळणारे तयार इन्व्हर्टर घेऊ नका, असे मात्र आवर्जून सांगतो. त्यांतल्या बहुतेकांची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते; तिने मोटर गुणगुणते आणि पुन्हा गरम होते. शिवाय वेळ राखण्यासाठी ते बनवलेलेच नसतात. एक हजारांश इतकी चूक त्यांना क्षम्य असते, आणि घड्याळावर ती दिवसाला ८६ सेकंद होते.

पुरवठ्याआधी वायर बदला. जुन्या वायरीचे रबर वाकवताच भुग्यासारखे झडते आणि वरचे कापडी वेष्टन शाबूत दिसत असल्यामुळे आतली अवस्था कळत नाही. नवी तीन तारांची लवचिक वायर घ्या, तिसरी तार पत्र्याच्या पेटीला अर्थिंगसाठी जोडा, वायर ओढली जाऊ नये म्हणून आत पकड द्या आणि १०० ते २५० मिलिअँपिअरचा फ्यूज ठेवा. कॉईल मल्टिमीटरवर तपासा. वाचन शून्याजवळ आले किंवा काहीच आले नाही तर ती गेली आहे. मग कॉईल आणि पेटी यांच्यातले इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर पाहून घ्या. एक मेगओहमच्या खाली वाचन असेल तर ते घड्याळ मी कोणाच्याही भिंतीवर लावू देत नाही. काट्यांवर किंवा आकड्यांवर हिरवट-तपकिरी, खरखरीत लेप असेल तर तो खरवडू नका. त्या काळच्या काही घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी रेडियम वापरलेले असे.

राहता राहिली ती तेलाची डबी. तुमच्या घड्याळाने आवाज केल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, ही चांगली खूण आहे, पण ते ३,६०० ऐवजी ३,००० फेऱ्यांनी चालत होते हेही लक्षात ठेवा. ६० हर्ट्झवर सुरू केल्यावर पहिला तासभर त्याच्याजवळ बसून ऐका. सुरुवातीला बारीक घरघर येऊन ती गरम झाल्यावर विरली तर डबीतले तेल घट्ट झाले आहे; घड्याळ बंद करून एक-दोन दिवस उलटे ठेवले की तेल पुन्हा चाकांपर्यंत पोहोचते आणि आवाज पुष्कळदा थांबतो. घरघर कायम राहिली किंवा काटा थंड असताना अडखळला तर डबीला अगदी बारीक भोक पाडून, ती कोमट करून हलक्या तेलात बुडवायची, म्हणजे गार होताना ती तेल आत ओढून घेते. मग भोक इपॉक्सीने बंद करायचे. हे काम नाजूक आहे आणि ते ज्याने आधी केले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे. बाहेरून पिनियनवर तेलाचे थेंब सोडून काही होत नाही, उलट ते तेल ओघळून कॉईलवर जाते.

मागच्या पट्टीवर व्होल्ट, सायकल आणि वॉट असे तीन आकडे कोरलेले असतील आणि डबीवर एक अक्षर असेल. एवढ्या चार गोष्टी कळवल्यात तर पुरवठा नेमका किती व्होल्टचा ठेवायचा आणि पुढेमागे रोटर लागलाच तर कोणता शोधायचा, हे मी सांगू शकेन. सायकलच्या जागी ६० शिवाय दुसरा आकडा आढळला तर मात्र मी लिहिलेला सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी तोच कळवा. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९५० च्या दशकापर्यंत २५ हर्ट्झचा पुरवठा होता आणि तिकडची घड्याळेही सीमा ओलांडून अमेरिकेतल्या जुन्या बाजारात येतात.